केशरी बदामाचा काटेरी हलवा

पहाटेचे साडेपाच वाजलेत, जानेवारीचा दुसरा आठवडा, पुण्यात थंडी मस्त पडलीये आणि आत्याच्या किचनमधे गॅस इतका बारीक ठेवलाय की वाटावं आत्ता विझेल. त्यावर कल्हईची पितळी परात, परातीत पाव किलो बदाम. संक्रांतीचा हलवा म्हटलं की तीळ, खसखस, साबुदाणा, फार तर लवंगा, पण आमच्याकडे बदामाचाही होतो आणि मला तोच सगळ्यात आवडतो, वरची साखर विरघळत जाते आणि मग आतला भाजका बदाम लागतो, अहाहा.

बदाम आधी कोरडेच भाजून घेतलेत, ओल राहिली तर पाक धरत नाही. पहिला हात डिंकाच्या पाण्याचा. पाक एकतारी हवा, अर्धा किलो साखर, ती बुडेल इतकं पाणी, उकळी आली की चमचाभर दूध, म्हणजे मळी वर येते ती काढून टाकायची. मग केशर आणि ठेचलेली वेलची, आणि पाक गाळायचा, पूड घातलीत तर साखरेवर काळे ठिपके दिसतात. लिंबू मात्र चुकूनही नाही हं. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते साखर परत जमू नये म्हणून, इथे ती जमायलाच हवी, काटा म्हणजे साखरेचे स्फटिकच की.

आता आत्याचा हात बघा. एक छोटा चमचा पाक, आणि लगेच बोटांच्या टोकांनी बदाम गोल गोल फिरवत राहायचे, दाबायचे नाहीत, थांबायचं नाही. ओले असताना बदाम नुसते सरकतात, आवाज नाही. सुकत आले की खडखड सुरू होते, ती ऐकू आली की मगच पुढचा चमचा. मागच्या वर्षी मी घाईत दोन चमचे एकदम ओतले आणि दोन दिवसांचे काटे डोळ्यांदेखत विरघळले, बदाम परत गुळगुळीत, रडू यायचंच बाकी होतं.

मधेमधे बदाम ताटात काढून परात ओल्या फडक्याने पुसायची, तळाला चिकटलेल्या साखरेचा चुरा होतो आणि तो काट्यांत अडकतो. ऊन चढलं की काम बंद, उरलेलं उद्या पहाटे. थंड कोरडी हवा असली की काटा छान फुलतो.

सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने बारीक हलव्याचेच करायचे, बदाम दोऱ्याला जड होतो. बोरन्हाणातही हा नको, बाळाच्या घशात अडकेल. हा हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांसाठी.

आजची तिसरी पहाट. आत्या एक बदाम उचलून खिडकीतल्या उजेडात धरते, अंगभर फिकट केशरी काटे उभे राहिलेत. "अजून दोन चमचे बसतील गं," म्हणते आणि हलकेच परत परातीत सोडते.