काउंट जुळले, मग नावं कुठे गेली? ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाताना

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये सध्या एकच धोशा चाललाय. "ताई, ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर गेलो, सगळ्या टेबलांचे काउंट जुळले, पण रिपोर्ट चुकतायत." (ओरॅकल आणि पोस्टग्रेस हे दोन डेटाबेस, आणि काउंट म्हणजे टेबलातल्या ओळींची संख्या.) बऱ्याच कमेंट सकाळी नऊ-साडेनऊच्या आहेत, म्हणजे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून टाकलेल्या. चला, आज हेच घेऊ.

प्राथमिक गोष्टी भराभर सांगते. स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, बदला, डेटा भरा, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आणि फॉरेन की (टेबलांमधले दुवे) नंतर लावा. सीक्वेन्स, म्हणजे नव्या नोंदीला पुढचा नंबर देणारा काउंटर, पुढे सरकवा, नाहीतर पहिल्याच एंट्रीला डुप्लिकेट कीची एरर येईल. आणि लोड संपला की ॲनालाइझ चालवा, म्हणजे डेटाबेसला नव्या डेटाचा अंदाज येतो. ते न चालवता "पोस्टग्रेस स्लो आहे" अशी कमेंट केलीत तर मी उत्तर देणार नाही. ओरा-टू-पीजी हे फुकट टूल यातलं बरंचसं करून देतं. ओरॅकलच्या डेटमध्ये वेळही असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते, म्हणून तिथे टाइमस्टॅम्प घ्या. हे सगळं माहीत असेल असं धरते.

आता माझं खरं दुखणं. रिकामी स्ट्रिंग.

स्ट्रिंग म्हणजे मजकूर, रिकामी स्ट्रिंग म्हणजे शून्य अक्षरांचा मजकूर, आणि नल म्हणजे 'इथे माहितीच नाही' अशी खूण. ओरॅकलमध्ये व्हारचार, म्हणजे मजकुराच्या, कॉलमला रिकामी स्ट्रिंग दिली की तो तिचा नल करून ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये रिकामी स्ट्रिंग वेगळी आणि नल वेगळा. ऐकायला किती किरकोळ वाटतं ना? मुलाखतीत सगळे घडाघड सांगतात. गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, दिवशी कोणाला आठवत नाही.

एका पतसंस्थेचं काम बघत होते. सभासदाचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, असे तीन कॉलम. रिपोर्टमध्ये ते दोन उभ्या दांड्यांनी (||, हे मजकूर जोडायचं चिन्ह) जोडलेले. ओरॅकलमध्ये मधलं नाव नल असलं तरी बिघडत नव्हतं, मध्ये दोन स्पेस यायच्या, एवढंच. पोस्टग्रेसमध्ये नलला काहीही जोडा, उत्तर नल. ज्यांचं मधलं नाव भरलेलं नव्हतं, त्यांची अख्खी नावं पासबुकावरून गायब! मॅनेजर साहेब ओरडतायत, "डेटा उडाला!" एक जण बॅकअप रिस्टोअर करायला निघालेला. अहो, डेटा जागच्या जागी आहे! कॉनकॅट फंक्शन वापरा, ते नल सोडून देतं. नाहीतर कोॲलेस लावा, ते नलच्या जागी तुम्ही सांगाल ते ठेवतं.

"आमच्याकडे नावं जोडत नाहीत, आम्ही सुटलो." नाही सुटलात. तुमच्या फॉर्ममध्ये पॅनचा रकाना रिकामा राहिला की ॲप रिकामी स्ट्रिंग पाठवतं. ओरॅकल तिचा नल करायचा आणि 'पॅन बाकी असलेले ग्राहक' हा रिपोर्ट इझ नल ('नल आहे का?' ही अट) लावून नीट चालायचा. आता जुन्या नोंदी नल आहेत आणि गो-लाइव्हनंतरच्या रिकामी स्ट्रिंग. पहिल्या दिवशी रिपोर्ट बरोबर येतो, टेस्टिंग पास होतं, सगळे पार्टी करतात. मग रोज थोडे थोडे ग्राहक त्या यादीतून निसटत जातात. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. मला भीती वाटते ती याचीच.

तिसऱ्या बाजूने बघा. नॉट नल, म्हणजे 'नल चालणार नाही' ही अट, लावलेल्या कॉलममध्ये ओरॅकल रिकामं काही घेतच नव्हता. पोस्टग्रेस रिकामी स्ट्रिंग आनंदाने घेईल. म्हणजे तुमचा पहारेकरी जागेवर आहे, पण अडवत कोणालाच नाही. युनिकची गंमत याच्या उलट. ईमेलवर युनिक, म्हणजे 'तीच किंमत दोनदा नको' ही अट, असेल तर ओरॅकलमध्ये ईमेल नसलेले शंभर लोक चालायचे, कारण सगळे नल. आता ईमेल रिकामा सोडणारा पहिला माणूस आत जातो आणि दुसऱ्याला डुप्लिकेट कीची एरर येते. मग सपोर्टवाले त्यालाच विचारतात, "तुम्ही आधी रजिस्टर केलं होतं का?"

उपाय एकच आणि कंटाळवाणा. प्रत्येक टेक्स्ट कॉलमसाठी ठरवा: रिकामं म्हणजे नल की रिकामी स्ट्रिंग? जुन्या ॲपसाठी मी नलच ठेवते. ॲपच्या लेयरमध्ये रिकाम्याचा नल करायचा आणि वर टेबलवर चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाबेसने स्वतः तपासायची अट, लावायचा, म्हणजे चुकून कोणी घातलीच रिकामी स्ट्रिंग तर तिथेच आपटेल. आपटलेलं बरं, निसटलेलं नको.

एका दादांनी लिहिलंय, "काउंट जुळले म्हणजे मायग्रेशन झालं, बाकी ॲप टीमचं काम." दादा, ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये नव्या प्लॅटफॉर्मवर स्थलांतर केलं. डेटा नीट पोचला होता, प्लॅटफॉर्मने मान टाकली. ग्राहकांना स्वतःची खाती उघडता येईनात, कारभार पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड ठोकला. तेव्हा काउंटच्या पुढे या. जुन्या आणि नव्या दोन्हीकडे तेच महत्त्वाचे रिपोर्ट चालवा आणि ओळीला ओळ ताडून बघा.

आणि मराठी डेटा असेल तर आणखी एक. 'कुऱ्हाडे' शोधून सापडत नाहीत अशी तक्रार येते. युनिकोडमध्ये 'ऱ' हे एक स्वतंत्र अक्षर आहे, 'र'खाली नुक्ता देऊनही तो होतो, आणि तेच आडनाव र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर टाकूनही लिहिता येतं. डोळ्यांना तिन्ही सारखे, डेटाबेसला तीन वेगळी माणसं. जुना श्रीलिपी किंवा आयएसएम फॉन्टमधला मजकूर दोन वेगवेगळ्या कन्व्हर्टरमधून आला की हे होणारच. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, ते पहिल्या दोघांना एक करतं. जॉइनरवाला तुम्हालाच रिप्लेस करावा लागेल. मंचरचे, सासवडचे कुऱ्हाडे आडनावाचे प्रेक्षक असतील तर हसत असतील आत्ता.

शेवटचा प्रश्न, खूप जणांचा: "नाहीच जमलं तर परत ओरॅकलवर जाता येईल ना?" येईल, पण गो-लाइव्हनंतर पोस्टग्रेसमध्ये पडलेल्या नोंदी परत न्याव्या लागतील. त्यात नॉट नल कॉलममध्ये घुसलेल्या रिकाम्या स्ट्रिंगा असतील. ओरॅकल त्यांचा नल करणार आणि ओरा-०१४००, म्हणजे 'इथे नल चालणार नाही' ही एरर, देऊन नोंद नाकारणार, तेही रात्री दोन वाजता, सगळे फोनवर असताना. म्हणून परतीच्या वाटेची रंगीत तालीमही आधीच करा, आणि तीही अशा दोन-चार घाणेरड्या नोंदी मुद्दाम घालून.