काळजाचा तुकडा

श्रोतेहो, नमस्कार.

मटणाच्या दुकानात आपण 'काळीज वेगळं द्या' म्हणतो, तेव्हा खाटीक बोकडाचं यकृतच कापून देतो. तांबडंकाळं, गुळगुळीत, बोटानं दाबलं की किंचित लवणारं. घरी मात्र लेकराला 'माझ्या काळजाचा तुकडा' म्हणताना आपला हात छातीवर जातो. शब्द एकच. शरीरशास्त्र शिकवताना मी दरवर्षी याच शब्दापासून सुरुवात करते. कारण उजव्या बरगड्यांखालच्या या साधारण दीड किलोच्या अवयवाचा तुकडा खरंच काढून देता येतो, आणि देणाऱ्याचं काळीज पुन्हा भरून येतं. ते कसं, हे आज सांगायचं आहे.

१९३१ साली अमेरिकेत हिगिन्स आणि अँडरसन यांनी पांढऱ्या उंदरांचं दोन-तृतीयांश यकृत काढलं. आठवडा-दहा दिवसांत वजन जवळपास पूर्वीइतकं झालं. पालीची शेपटी फुटते तसं मात्र हे नाही. कापलेले खंड पुन्हा उगवत नाहीत. जे खंड उरले, त्यांतल्याच पेशी दुभंगत जातात आणि तेच खंड मोठे होतात.

पण एरवी वर्षानुवर्षं शांत असलेल्या या पेशींना 'आता वाढा' हे सांगतं कोण?

उत्तराचा पहिला धागा १९६७ साली बोस्टनमध्ये हाती आला. मूल्टन आणि नॅन्सी बुचर यांनी दोन उंदीर घेतले. एकाचं यकृत कापलं, दुसऱ्याच्या यकृताला हातही लावला नाही. मग दोघांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या बारीक नळ्यांनी जोडून दिल्या. याचं रक्त त्याच्यात, त्याचं याच्यात. थोड्याच काळात त्या धडधाकट उंदराच्या यकृतातही नवा डीएनए तयार होऊ लागला. त्याचं तर काहीच कमी झालं नव्हतं! शेजाऱ्याची गरज रक्तातून त्याच्यापर्यंत पोचली होती. हा प्रयोग सांगून झाला की मी वर्गात क्षणभर थांबते. मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

रक्तातला तो निरोप नेमका काय, हे समजायला पुढची काही वर्षं गेली. जपानमध्ये तोशिकाझू नाकामुरा यांनी १९८४ साली यकृताच्या पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन उंदराच्या रक्तातून वेगळं केलं. त्याला एचजीएफ म्हणतात, म्हणजे यकृतपेशींचा ग्रोथ फॅक्टर. गंमत अशी की यकृताच्या मुख्य पेशी तो स्वतः बनवत नाहीत. त्यांच्या शेजारच्या पेशी बनवतात, आणि तो निष्क्रिय अवस्थेत पेशींमधल्या जाळ्यात साठून राहतो. बी पेरून ठेवावं, तसा.

मग पाणी कोण सोडतं? शेतातला पाट डोळ्यांपुढे आणा. तीन वाफ्यांना जाणारं पाणी एकाच वाफ्यात वळवलं तर तिथं केवढा जोर येईल! आतड्यांकडून पोर्टल व्हेनमधून येणारं रक्त तेवढंच असतं, आणि यकृत उरलेलं असतं एक-तृतीयांश. त्या ओघाबरोबर काही मिनिटांतच एक विकर जागं होतं. ते जाळं सैल होऊ लागतं, साठवलेला एचजीएफ सुटतो, कार्यक्षम होतो आणि पेशीवरच्या 'मेट' नावाच्या ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतो. निरोप पेशीकेंद्रापर्यंत जातो. उंदराच्या यकृतात साधारण चोवीस तासांनी डीएनए दुप्पट होण्याचं काम ऐन भरात असतं.

शरीर मात्र एकाच निरोप्यावर विसंबत नाही. दुसरा आहे ईजीएफ, तोही एक ग्रोथ फॅक्टरच. हा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या ग्रंथींतही बनतो आणि त्याच शिरेतून यकृतात पोचतो. त्याच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. या दोन वाटांपैकी एकच अडवली तर काम रेंगाळतं, पण होतं. दोन्ही अडवल्या तर यकृत वाढतच नाही. पिट्सबर्गमध्ये उंदरांवर झालेल्या या कामाचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत पहिलंच नाव परांजपे असं वाचून मला फार आनंद झाला होता.

वाढीइतकंच मला थांबण्याचं आश्चर्य वाटतं. टीजीएफ-बीटासारखे घटक लगाम घालतात, जाळं पुन्हा विणलं जातं आणि वजन शरीराला हवं तेवढं झालं की पेशी शांत होतात. हा लगाम सुटण्याला आपण कर्करोग म्हणतो. याउलट सिरॉसिसमध्ये व्रणांच्या दोऱ्यांनी यकृत इतकं करकचून आवळलेलं असतं, की निरोप येऊनही पेशींना नीट वाढता येत नाही. म्हणून दारू, कावीळ 'ब' आणि 'क', पोटावरची चरबी यांकडे वेळीच बघा, असं मी कळकळीनं सांगते. हिपॅटायटिस 'ब'ची लस बाळाला जन्मतःच द्यायची असते.

आता पुन्हा त्या तुकड्याकडे येऊ. १९८९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एका जपानी आईनं आपल्या चिमुकल्या मुलाला यकृताचा भाग दिला. जिवंत दात्याकडून झालेलं हे पहिलं यशस्वी यकृतरोपण. आज आपल्याकडेही आया, वडील, भाऊ, बहिणी असे तुकडे देतात. लहान मुलासाठी बहुधा डावीकडचा छोटा भाग पुरतो. आईचं उरलेलं यकृत काही आठवड्यांत बरंचसं भरून येतं, आकार मात्र थोडा वेगळाच राहतो. आणि बाळाच्या पोटातला आईचा तुकडा आता बाळाच्या रक्तातले निरोप ऐकतो. मूल वाढेल, तसा तोही वाढत जातो.

नमस्कार.