फिजीच्या तीन रिकाम्या खुर्च्या

नमस्कार श्रोतेहो. प्रशांत महासागरातली फिजी बेटं १८७४ ते १९७० इंग्रजांची. गिरमिटिया, म्हणजे करारावर तिथं नेलेले भारतीय मजूर, उसाचे मळे तुम्हाला ठाऊकच आहेत, त्यात शिरत नाही. (आपल्याकडे ऊस म्हटला की कारखान्याची निवडणूक आलीच. तिथं कारखाने ऑस्ट्रेलियन कंपनीचे, ऊस पिकवणाऱ्याला कोण विचारतो!)

१९२९ साली तिथल्या भारतीयांना पहिल्यांदा मत मिळालं. तेही फक्त पुरुषांना. लिहितावाचता येणाऱ्या, मिळकतीच्या किंवा उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या. आणि मतदार याद्या ज्याच्या त्याच्या वंशाच्या, वेगळ्या. पुन्हा सांगतो, याद्या वेगळ्या. कायदेमंडळावर युरोपियनांनी आपले ६ निवडायचे, भारतीयांनी आपले ३. मूळ फिजियनांना मतच नाही. सरदारांच्या परिषदेनं नावं सुचवायची, गव्हर्नरानं त्यातले ३ नेमायचे. वर सरकारनियुक्त १३ पर्यंत. करा बेरीज: बाकी सगळे मिळून १२, सरकारचे १३.

तर विष्णू देव, परमानंद सिंग आणि रामचंदर राव हे तिघं निवडून आले. मागणी एकच: सगळ्यांची मिळून एक यादी. ५ नोव्हेंबरला विष्णू देवांनी ठराव मांडला. गोऱ्यांना धास्ती भारतीयांच्या संख्येची, ठराव पडला. तिघंही उठले, बाहेर पडले आणि राजीनामे देऊन मोकळे झाले. सभात्याग आपल्याला नवा नाही. हल्ली तर चहाच्या वेळेला होतो आणि चहा संपला की मिटतो. इथं तसं झालं नाही. सरकारनं पोटनिवडणूक लावली, अर्ज मागवले. अर्ज किती आले? एकही नाही. मतदार यादीत, मतपेटी तयार, पण उभं राहायला कुणी नाही! तिन्ही खुर्च्या १९३२ पर्यंत रिकाम्या. १९३२ साली निवडून आलेल्यांनीही तोच ठराव मांडला, तोही पडला, तेही बाहेर.

पुढचं झटपट. १९६३ मध्ये मूळ फिजियनांना आणि स्त्रियांना मत मिळालं. १९६६ पासून प्रत्येकाला चार मतं: एक आपल्या यादीतल्या उमेदवाराला, उरलेली तीन सामायिक मतदारसंघात, फिजियन, भारतीय आणि इतर अशा एकेका जागेसाठी. गोम इथंच होती. सामायिक मतदारसंघातला भारतीय सदस्य एकट्या भारतीयांच्या मतांवर ठरत नसे, तिथं मत सगळ्यांचं. भारतीयांच्या फेडरेशन पक्षानं भारतीय यादीतल्या ९ पैकी ९ जागा घेतल्या, सामायिक एकही नाही. १९६७ मध्ये ते नऊही जण निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या. यावेळी मात्र अर्ज भरले, आणि १९६८ च्या पोटनिवडणुकीत नऊच्या नऊ जागा आधीपेक्षा मोठ्या फरकानं परत आणल्या.