कोर्टाने न दिलेली शिक्षा

नमस्कार मंडळी. आज जेलच्या आतल्या जेलबद्दल बोलायचंय, म्हणजे एकांतकोठडीबद्दल.

अमेरिकेत लुईझियानामध्ये अँगोला नावाचं जेल आहे. तिथल्या एका गार्डचा १९७२ ला खून झाला आणि त्या आरोपावरून अल्बर्ट वुडफॉक्सला एकट्याला कोठडीत टाकलं, सहा फूट बाय नऊ फूट, दिवसाचे २३ तास आत. मी खून केलेला नाही असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला, कोर्टाने त्याची शिक्षा एकाहून जास्त वेळा रद्द केली, तरी २०१६ मध्ये सुटेपर्यंत चाळीसहून जास्त वर्षं एकांतातच गेली. दर ९० दिवसांनी जेलच्या बोर्डापुढे केस यायची आणि मूळ कारण कायम आहे एवढंच लिहून कागद बंद. बाहेर आल्यावरसुद्धा भिंती अंगावर येतायत असं वाटून त्याचा जीव घुसमटायचा.

हे डोक्यात नेमकं काय होतं? डॉ. स्टुअर्ट ग्रासियन या मानसोपचारतज्ज्ञांनी मॅसॅच्युसेट्सच्या वॉलपोल जेलमधले असे कैदी तपासले आणि १९८३ ला त्यावर लिहिलं. वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला तरी तो आवाज सहन होत नाही, कुणीतरी कुजबुजतंय असं वाटतं, वाचायला घेतलं तर लक्ष लागत नाही, एकदम धडकी भरते, काही जण स्वतःलाच इजा करून घेतात. आणि यातले काही जण आधी ठणठणीत असतात हो! माणसाला माणसाचा आवाज लागतोच, जेवण लागतं तसा, आणि तो काढून घेणं ही मला तरी मारहाणच वाटते, फक्त वळ दिसत नाहीत.

२०१५ मध्ये युनोने कैद्यांना कसं वागवायचं याचे मंडेला नियम मंजूर केले, त्यात सलग १५ दिवसांच्या वर एकांत नको असं स्पष्ट आहे. आपल्याकडे कायद्याने ही शिक्षा फक्त कोर्ट देऊ शकतं, एकूण तीन महिन्यांच्या वर नाही आणि एका वेळी १४ दिवसांच्या वर नाही. १९७८ च्या सुनील बत्रा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशीची शिक्षा झालेला कैदी असला तरी अपील, दयेचा अर्ज सगळं संपेपर्यंत जेलवाल्यांनी त्याला एकटं कोंडायचं नाही. तरी सेफ्टीचं कारण सांगून वेगळं ठेवणं सोपं असतं, म्हणून ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी भेटीत नक्की विचारा, किती दिवस एकटा आहेस, दिवसातून कुणाशी बोलायला मिळतं का. उत्तर ऐकून शंका आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कैद्यासाठी तिथे वकील फुकट मिळतो.