वर्गात वादविवाद घेताय? मग मध्येच बाजू बदलायला लावा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली सारखा एकच प्रश्न येतोय, "मॅडम, वादविवाद घेतला की वर्गात नुसता कल्ला होतो, काय करायचं?"

गट पाडणं, वेळ लावणं, हात वर करून बोलणं, हे तुम्हाला येतंच, सोडून देते. विषय मात्र मुलांच्या घरातला घ्या, 'विज्ञान शाप की वरदान' पुरे आता, आपल्या आज्यांनीही तेच भाषण ठोकलं असेल! मी सहावीला 2024 चा सरकारी निर्णय दिला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत हा. घरात धाकटी भावंडं असलेली पोरं लगेच पेटली.

आता खरी गोम. समोरच्याचा मुद्दा खोडायच्या आधी तो स्वतःच्या तोंडाने सांगायचा, आणि समोरचा "हो, हेच म्हणालो" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. पोरं लबाडी करतात बरं का, "तो म्हणतोय त्याला लोळायचंय." नाही बाळा, तो म्हणाला लहान मुलांची झोप पुरी होत नाही, परत सांग.

मग अर्ध्यावर बाजू बदला. 9 साठी तावातावाने भांडणारी एक मुलगी बाजू बदलल्यावर जरा गप्पच बसली, आणि मग म्हणाली, आई आठला कामावर जाते, धाकट्याला शाळेत सोडणार कोण? आणि दोन पाळ्यांची शाळा असेल तर दुपारची मुलं बसणार कुठे? हे तिला आधीपासून माहीत होतं हो, फक्त तिकडे बघायचं नव्हतं.

एका ताईंची कमेंट आहे की अशाने मुलं दुटप्पी होतील. अहो, आपल्याकडे शास्त्रार्थात, म्हणजे जुन्या वादसभांत, पंडित आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, नीट मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे, ते काय दुटप्पी होते? शेवटी स्वतःचं मत वहीत लिहू द्या की.

आणि पालकांनो, भाषणं लिहून देऊ नका, प्लीज! पाठ करून आलेल्या मुलाला समोरचा काय बोलला ते ऐकायची गरजच पडत नाही, मग तो मुद्दा परत सांगणार कसला? ट्रॉफीबिफीही नको, जिंकायचं म्हटलं की ऐकणं बंद.

नववीला संमतिवयाचा 1891 चा कायदा घ्या, मुलींचं शरीरसंबंधांसाठीचं संमतीचं वय दहावरून बारा करणारा. सगळ्यांना कायद्याच्या बाजूचे आगरकरच व्हायचं असतं, म्हणून टिळकांचा आक्षेप, परक्या सरकारने कायदा करून आमच्या समाजात हात घालू नये हा, आधी आगरकरवाल्यांकडूनच वदवून घ्या. त्यावर वेगळा व्हिडिओ हवा असेल तर कमेंट करा. आणि पीडीएफ मागणाऱ्यांनो, पीडीएफ नाहीये!