डोळ्यांवर पट्टी, समोर चीता

हे नाशिकरोडचं गांधीनगर. 2003 पासून कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल इथंच आहे, लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट तयार होतात ते याच धावपट्टीवर.

समोर दिसतोय तो चीता, लष्कराचं छोटं हेलिकॉप्टर. पंखा थांबलेला, इंजिन थंडगार. आणि तरी उजव्या सीटवरच्या पोराच्या कपाळावर घाम बघा, डोळ्यांवर काळी पट्टी.

शेजारी बसलेले सर एकेक नाव घेतायत. बॅटरी. रोटर ब्रेक. फ्युएल शटऑफ. नाव कानावर पडलं की हात थेट तिथं गेला पाहिजे, चाचपडणं चालत नाही. आता हा हात नीट बघा, आधी बोटं टेकली, मग तोंडानं नाव घेतलं आणि तो थांबला. हे थांबणं मुद्दाम अंगात भिनवतात, कारण घाईत भलताच लिव्हर ओढला आणि तो नेमका इंधनाचा निघाला तर काय, चीताला इंजिन एकच आहे.

खोलीत गेलं तरी सुटका नाही. भिंतीवर कॉकपिटचा मोठा फोटो, पुढ्यात साधी खुर्ची, डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा, आहे असं धरायचं, उजव्यात सायक्लिक, म्हणजे पुढं-मागं, डावी-उजवीकडे नेणारा, आणि स्टार्टचा सगळा क्रम मोठ्यानं म्हणायचा. कुणी दारातून बघितलं तर म्हणेल पोरगं कामातून गेलं! पण पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे बघत बसतो का? स्टार्टला नजर टेंपरेचरच्या काट्यावर हवी, तो लाल रेषेकडे पळाला की लगेच इंधन बंद, तेव्हा लिव्हर शोधायला डोळे मोकळे नसतात.

पायांचंही तसंच. चीताचा पंखा वरून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्यामुळे कलेक्टिव्ह वर घेतलं की नाक डावीकडे जातं, ते सरळ ठेवायला उजवं पेडल द्यायचं. उद्या हाच पोरगा अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरवर गेला तर सगळं उलटं, पायांना परत नव्यानं शिकवा.

चीता मुळात लामा नावाचं फ्रेंच हेलिकॉप्टर. 1972 मध्ये फ्रेंच पायलट जाँ बुले हे मशीन 12,442 मीटर उंचीवर घेऊन गेले, हेलिकॉप्टरचा विक्रम, आणि तिथं इंजिनच विझलं. विझलेल्या इंजिनानं, नुसत्या हवेवर पंखा फिरवत खाली आणलं. त्यालाच ऑटोरोटेशन म्हणतात आणि त्याची पहिली हालचाल, कलेक्टिव्ह झटक्यात खाली, ही पोरं या बंद मशीनमध्ये बसून घोटून घेतात. उड्डाणाची नक्कल करणारं सिम्युलेटर आणा, जरूर आणा, पण या बंद मशीनमधल्या सरावाला पैसा लागत नाही आणि रात्री दहालाही करता येतं.

मशीन जुनी झालीत, अपघातही झालेत, बदली हेलिकॉप्टरांचं काम चालू आहे.

तोवर सियाचीनच्या चौक्यांवर चीताच जातो. पट्टीची परीक्षा पास झाली की हे पोरगं सरांबरोबर इंजिन चालू करेल, नाही झाली तर संध्याकाळी परत फोटोसमोर.