‘औदुंबर’ वाचायच्या आधी पेन्सिल घ्या : निसर्गकवितेचं रसग्रहण

(पडद्यावर: टेबलावर कोरा कागद, पेन्सिल आणि मोठ्या अक्षरांत छापलेली आठ ओळींची कविता)

नमस्कार. आठवी, नववी, दहावीच्या मुलामुलींनो, आजचा व्हिडिओ रसग्रहणाचा आहे आणि कविता आहे बालकवींची ‘औदुंबर’.

निसर्गकविता समोर आली की बहुतेक वह्यांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘कवीने या कवितेत निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे.’ हे वाक्य पावसाच्या कवितेला लावा, समुद्राच्या लावा, डोंगराच्या लावा, सगळीकडे बसतं. त्यामुळे तपासणाऱ्या बाईंना किंवा सरांना त्यातून एवढंच कळतं की तुम्ही अजून कविता वाचायला सुरुवात केलेली नाही. आज आपण ‘अर्थ काय?’ हा प्रश्न बराच वेळ बाजूला ठेवणार आहोत. त्याआधी विचारायचं: काय दिसतंय, कुठून दिसतंय, आणि ते कोणत्या क्रमाने दिसतंय?

आधी कविता ऐका. मी सावकाश वाचते.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे,
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे,
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर,
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आता तुम्ही स्वतः दोनदा मोठ्याने वाचा. पहिल्यांदा कुठे अडखळता ते बघा. ‘तयांतुनि’वर अडखळाल, ‘झाकळुनी’वर अडखळाल. त्या शब्दांखाली रेघ मारा, पण गाइड उघडू नका. दुसऱ्यांदा वाचताना मात्रा मोजा. सोपं आहे: ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ‘चार घरांचे गाव चिमुकले’ इथपर्यंत 16 होतात आणि ‘पैल टेकडीकडे’च्या 11. जवळजवळ प्रत्येक ओळ अशी 16 अधिक 11 आहे. दुसऱ्या, सातव्या आणि आठव्या ओळीत दुसरा तुकडा 10 भरेल, तिथे घाबरू नका. शेवटचं अक्षर लांबवून म्हणायचं असतं, ‘लाटांवरऽ’, ‘औदुंबरऽ’. मोजताना मुलं चुकतात ती ‘मळ्यांची’ आणि ‘हिरव्या’ या शब्दांत. जोडाक्षर दिसलं की आधीच्या अक्षराला दोन मात्रा देऊन टाकतात. इथे ‘म’वर किंवा ‘र’वर आघात येत नाही, म्हणून त्यांची एकच मात्रा. ‘गर्दी’ म्हणताना मात्र ‘ग’वर आघात येतो, तिथे दोन द्यायच्या. कान लावून म्हटलं की फरक लगेच कळतो.

(पडद्यावर: कागद जवळून, पेन्सिल हातात)

आता चित्र. चित्रकला चांगली हवी असं मुळीच नाही, नकाशा काढल्यासारखं काढायचं. ‘ऐल’ म्हणजे आपला, अलीकडचा काठ. ‘पैल’ म्हणजे पलीकडचा. कागदाच्या मधोमध झरा काढा, दोन्ही काठांना हिरवळ. ‘बेटाबेटांतुन’पाशी थांबा. बेट म्हणजे पाण्यातली उंच जमीन हे सगळ्यांना सुचतं, पण आपण बांबूचं बेटही म्हणतो, म्हणजे एका जागी दाट वाढलेला झुपका. दोन्ही अर्थ इथे चालतात. तुम्हाला कोणता दिसतो तो काढा आणि बाजूला तसं लिहून ठेवा.

गाव कुठे? ‘पैल टेकडीकडे’. म्हणजे पलीकडे, लांब. चार घरांचं, चिमुकलं. लांबून बघितलं की गाव लहानच दिसतं. गावाच्या पुढे शेतमळ्यांची गर्दी. त्यातून पांढरी पायवाट, अडवीतिडवी. ती कुठे निघाली आहे? डोहाकडे. आणि डोहात पाय टाकून झाड बसलेलं आहे.

आता कागदावर बाण काढा. टेकडी, गाव, शेतं, वाट, डोह, झाड. नजर लांबून सुरू झाली आणि एकेक टप्पा जवळ येत येत एका झाडापाशी थांबली. कवितेचं नाव औदुंबर, आणि तो शब्द येतो सगळ्यांत शेवटी. आठ ओळींतला अगदी शेवटचा शब्द! नुसतं वाचून हे पटकन लक्षात येत नाही, कागदावर काढलं की लपून राहत नाही. रसग्रहणात आशयसौंदर्याचा परिच्छेद लिहायचा असतो ना, त्याचं पहिलं वाक्य तुम्हाला इथे मिळालं.

आता रंग. कवितेतले रंगांचे शब्द क्रमाने एका ओळीत लिहा. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. वर हिरवा आणि निळा, खाली उतरता उतरता काळा. आणि आठव्या ओळीत एकही रंग नाही. तसंच क्रियापदांचं करा: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झरा वाहतोय, वाट चालली आहे, आणि शेवटी कोणीतरी बसलंय. रंग गडद होत जातात आणि हालचाल थांबत जाते, दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. हे मला या कवितेतलं सर्वांत मोठं कसब वाटतं, आणि ते कुठल्याही अलंकाराच्या नावात मावत नाही.

एक रंग जरा जवळून बघू. वाट पांढरी का? आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात निफाड, सिन्नरकडे शेतातून जाताना बघा. माती काळी असते, पण पायवाट फिकट दिसते. माणसं आणि गुरं रोज चालून चालून माती घट्ट बसते, गवत उगवत नाही, वरचा थर वाळून त्याची बारीक धूळ होते आणि उन्हात ती रेघ उजळ दिसते. म्हणजे ‘पांढरी’ हा शब्द यमकासाठी ओढून आणलेला नाही, ते डोळ्यांनी बघितलेलं आहे. डोहाचंही तसंच. नदीतली खोल जागा म्हणजे डोह. तिथे पाणी संथ असतं, तळापर्यंत उजेड पोचत नाही, वर झाडाची सावली. तो काळाच दिसणार.

यानंतरची पायरी अन्वयाची, आणि चुका सर्वांत जास्त इथे होतात. अन्वय म्हणजे कवितेतल्या शब्दांची साध्या वाक्यासारखी मांडणी. शेवटच्या दोन ओळी घ्या. ‘काळिमा पसरी’, पण पसरतंय कोण? झरा? डोह? सातव्या ओळीत उत्तर सापडत नाही, कारण वाक्य तिथे संपतच नाही. पुढच्या ओळीतला ‘असला’ हा शब्द दोन्ही ओळींना बांधतो. मांडून बघा: जळ झाकळून लाटांवर गोड काळिमा पसरवतो, असा औदुंबर जळात पाय टाकून बसला आहे. आजच्या बोलण्यात ‘असला’ म्हटलं की थोडा हिणवल्याचा सूर येतो, ‘असला कसला पेन आणलास?’ तो सूर इथे नाही. इथे ‘असला’ म्हणजे नुसतं ‘असा’. आणि ‘झाकळणे’ म्हणजे झाकण घालणं नव्हे. आभाळ झाकळून येतं म्हणतो, तसं सावलीने अंधारून येणं.

आता ‘ळ’ अक्षराला गोल करत जा. हिरवाळी, निळासावळा, मळ्यांची, काळ्या, झाकळुनी, जळ, काळिमा, जळात. एकूण नऊ ‘ळ’, त्यातले तीन एकट्या सातव्या ओळीत, जिथे सावली पाण्यावर पसरते. ती ओळ म्हणताना जीभ आपोआप मंदावते. भाषिक वैशिष्ट्यांत हे लिहा. नुसतं ‘अनुप्रास अलंकार आहे’ असं लिहून सोडलं तर अर्धंच काम झालं. त्या ‘ळ’मुळे वाचताना काय होतं, ते लिहायचं.

‘पाय टाकुनी जळात बसला’ ही चेतनगुणोक्ती, झाड माणसासारखं वागतंय. हे सगळे लिहितात. पण उंबराचं झाड जवळून बघितलेलं असेल तर आणखी एक वाक्य लिहिता येतं. औदुंबर म्हणजे आपला उंबर. पाण्याच्या कडेला तो चांगला वाढतो. काठाची माती पुरात वाहून गेली की त्याची जाड मुळं उघडी पडतात आणि थेट पाण्यात उतरलेली दिसतात, गुडघ्यापर्यंत पाय बुडवून बसल्यासारखी. कल्पना आहे, पण तिच्या तळाशी निरीक्षण आहे.

मग अर्थ काय? आता विचारा.

या कवितेचा अर्थ लावताना मराठीतले जाणकार एकमेकांशी भरपूर भांडलेले आहेत. कोणाला हा औदुंबर उदास, विरक्त वाटतो. कोणाला तो निवांत बसलेला, पाण्यात पाय हलवणाऱ्या मुलासारखा वाटतो. परीक्षेत यातली बरोबर बाजू कोणती, हा प्रश्नच चुकीचा आहे. बाजू कोणतीही घ्या, फक्त प्रत्येक वाक्यानंतर स्वतःला विचारा: कोणत्या शब्दावरून?

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात कवितेतला शब्द, दुसऱ्यात त्याने काय दिसतं, तिसऱ्यात काय वाटतं. ‘काळ्या डोहाकडे’: वाट खोल पाण्यापाशी संपते, थोडी भीती, शेवट आल्यासारखं. ‘पाय टाकुनी बसला’: सैल, आरामाची बैठक; शांत. ‘चिमुकले’: लहान, मायेने बघितलेलं. मग येतो ‘गोड’, आणि हा शब्द गाळून कविता समजावणारी उत्तरं मला खरंच बघवत नाहीत. काळिमा एरवी वाईट, नावाला काळिमा लागतो. इथे तो गोड आहे. फक्त उदासी लिहिणाऱ्याला ‘गोड’चं काय करायचं ते सांगावं लागेल, आणि फक्त आनंद लिहिणाऱ्याला ‘काळिमा’चं. हे दोन शब्द शेजारी शेजारी का ठेवले असतील, यावर तीन-चार वाक्यं स्वतःची लिहा. गाइडमध्ये ती मिळणार नाहीत.

दोन गोष्टी टाळा. एक, कवीचं चरित्र आधी आणू नका. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, यांचा जन्म 1890 मध्ये धरणगावचा. 1918 मध्ये रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा वय होतं अवघं 27. हे कळलं की मुलं प्रत्येक काळ्या शब्दात मृत्यू शोधायला लागतात. आधी कविता, मग चरित्र. दुसरं, शेवटी ‘म्हणून आपण झाडे लावली पाहिजेत’ असा संदेश जोडू नका. झाडं जरूर लावा. पण ही कविता तसं कुठेही म्हणत नाही, आणि जे कवितेत नाही त्याला गुण मिळत नाहीत.

(पडद्यावर: दोन उत्तरं शेजारी शेजारी)

डावीकडचं उत्तर: ‘या कवितेत कवीने निसर्गाचे मनमोहक वर्णन केले असून चेतनगुणोक्ती अलंकार वापरला आहे.’

उजवीकडचं: ‘लांबच्या टेकडीवरून सुरू झालेली नजर पांढऱ्या वाटेने डोहापाशी येते आणि एका झाडावर थांबते. हिरव्या-निळ्या रंगांपासून काळ्यापर्यंत आणि वाहणाऱ्या झऱ्यापासून बसलेल्या औदुंबरापर्यंत कविता हळूहळू शांत होत जाते. ‘गोड काळिमा’ या शब्दांमुळे ही शांतता एकाच वेळी हवीशी आणि गूढ वाटते.’

उजवीकडे फक्त तीन वाक्यं आहेत. प्रत्येक वाक्यातल्या एकेका शब्दावर बोट ठेवून कवितेतली ओळ दाखवता येते.

हीच रीत दुसऱ्या कवितांना लावताना प्रश्न थोडे बदलतात. ‘श्रावणमासी’मध्ये जागेपेक्षा वेळ महत्त्वाची, ‘क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे’. तिथे नकाशा न काढता ‘आधी काय, मग काय’ असा क्रम लिहा. आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ घेतलंत तर पहिला प्रश्न वेगळा: बोलतंय कोण? तिथे पृथ्वी स्वतः सूर्याशी बोलते. ‘औदुंबर’मध्ये कुणीच बोलत नाही, ‘मी’ हा शब्दसुद्धा नाही.

आता करायचं काम. रविवारी सकाळी घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि गोदेकाठी किंवा जवळच्या ओढ्याकाठी उंबर शोधा. ओळख सोपी आहे: फळं फांदीच्या टोकाला नसतात, थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाने लगडलेली असतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असेल, नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायांशी पाणी चढलेलं असेल, तर काठाकडे जायचंच नाही. त्या दिवशी शाळेच्या आवारातलं कोणतंही झाड चालेल.

झाडासमोर 20 मिनिटं बसा. मोबाइल पिशवीत. पहिली पाच मिनिटं फक्त लांबचं लिहा, पुढची पाच मधलं, पुढची पाच अगदी जवळचं: साल, मुंग्या, पडलेली फळं, पाण्यावरची सावली. शेवटच्या पाच मिनिटांत आवाज. दहा-बारा ओळी झाल्या की ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘मनमोहक’ आणि ‘नयनरम्य’ हे चार शब्द शोधून खोडा, आणि त्या प्रत्येक जागी तिथे खरोखर काय दिसत होतं ते लिहा.